ठेकेदार रेंगाळलाय आणि घर लांब आहे

सगळ्यात आधी रोजचा फोन बंद करा. घर लांब, काम अडकलेलं, भाडेकरू बघून गेलेला, अशा वेळी आपण दिवसातून दोनदा फोन करतो आणि दोन्ही वेळा एकच उत्तर ऐकतो: "चालू आहे ताई, माणसं लावलीत." हे खरं की खोटं, ते फोनवर कधीच कळत नाही. माणसं लावलेली असतातही. कुठल्या साइटवर, तेवढं त्यानं सांगितलेलं नसतं.

मी हिशेब तपासण्याच्या व्यवसायात आहे. भाड्यानं द्यायच्या घराचं काम लांबून करून घ्यायची वेळ आली तेव्हा ठेकेदारालाही मी तोच नियम लावला: तोंडी सांगितलेलं जमेस धरायचं नाही. लांबून माणूस सुधारता येत नाही. त्याचा स्वभाव, त्याच्या अडचणी, त्याचे मजूर, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. हातात असतो फक्त कामाचा पुढचा तुकडा. तो लहान ठेवायचा, झालेला डोळ्यांनी पाहायचा आणि मग तेवढ्याचेच पैसे सोडायचे.

रेंगाळतंय कशामुळे

सुरुवात स्वतःकडून करा. टाइल्स पसंत करून कळवल्यात का? ओट्याची उंची, स्विचबोर्डांच्या जागा, गिझरचा पॉइंट, इमारतीत काम करायची परवानगी, यातलं काही तुमच्याकडे अडकलं असेल तर ठेकेदार तक्रार करणार नाही. त्याला तो उशीर हवाच असतो, कारण तोवर त्याची माणसं दुसरीकडे कमावतात. राहिलेले निर्णय एका दमात संपवा आणि एकाच मेसेजमध्ये लिहून पाठवा. त्यानंतरचा उशीर कुणाचा, यावर वाद राहत नाही.

तुमच्याकडे काही अडकलेलं नसेल तर त्याच्याकडे वळा. ज्यानं झेपणार नाहीत इतक्या साइट घेतल्यात तो लगेच ओळखू येतो. दोन दिवस जोरात काम, मग आठवडाभर सामसूम, तुम्ही ओरडलात की पुन्हा दोन दिवस जोर. असा माणूस काम वाईट करतोच असं नाही. पैसे जिथे लवकर सुटतात तिथे तो माणसं नेतो, एवढंच. त्याचे हप्ते लहान करा आणि तुकडा पूर्ण झालेला दिसला की त्याच संध्याकाळी पैसे पाठवा. असा मालक त्याला क्वचित भेटतो. त्या मालकाची साइट न सांगता यादीत वर जाते.

कमी दरात उक्तं काम (सगळ्याची मिळून एकच रक्कम ठरवलेलं) घेऊन बसलेला ठेकेदार वेगळा. तो प्रत्येक गोष्टीला "हे यात नव्हतं" म्हणतो, ठरलेल्या मालाऐवजी हलका माल आणतो आणि काम पुढे न सरकता उचल मागतो. त्याला दंडाची भीती घातलीत तर तो काम टाकून जाईल, कारण पुढे काम करण्यात त्याचा तोटाच आहे. नेमकं कुठलं काम अंगावर येतंय ते त्याला विचारा आणि त्याच कामाचा दर दुसऱ्या एखाद्याकडून घ्या. दर खरंच कमी पडत असेल तर वाढवून द्या, पण मागचं भरून काढायला नव्हे. वाढ पुढच्या कामावर आणि ते काम झाल्यावर. किंवा माल तुम्ही घ्या आणि त्याच्याकडे फक्त मजुरी ठेवा. "ठरलं ते ठरलं" म्हणणारे पुष्कळ भेटतील. तत्त्व म्हणून मलाही ते मान्य आहे, पण तत्त्वातून भाडं निघत नाही.

राहिला तो, ज्याला एखादं काम येतच नाही. रंगकाम उत्तम करणारा माणूस प्लंबिंगही अंगावर घेतो आणि तीच लाइन पुन्हा पुन्हा उकरत बसतो. त्याच्याशी भांडू नका. तेवढं काम त्याच्याकडून काढून घ्या.

लांबून बघायचं कसं

फोटोंवर विसंबू नका. फोटो नेहमी ज्या कोपऱ्यात काम झालंय त्याच कोपऱ्याचे येतात. व्हिडिओ कॉल करा, तोही मुख्य दारापासून, मध्ये न तोडता. प्रत्येक खोलीत डाव्या भिंतीनं शिरायचं, उजव्या भिंतीनं बाहेर पडायचं, आणि छत व जमीन दोन्ही दाखवायची. फोन ठेकेदाराच्या हातात नको, काम करणाऱ्या मिस्त्रीच्या हातात असू दे. मिस्त्रीला आपलं काम दाखवायला आवडतं. "टाइल्स कमी पडतायत का?" असं सहज विचारलं तर "टाइल्स अजून आल्यात कुठे?" असं तोही सहज सांगून मोकळा होतो.

कॉलवर नुसतं पाहत बसू नका, काहीतरी करायला सांगा. बाथरूमचा ढाळ पाहायचा असेल तर दारापाशी बादलीभर पाणी ओतायला सांगा आणि फोन जमिनीजवळ धरायला लावा. पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या जाळीच्या निचऱ्याकडे, वळलं पाहिजे. उंबऱ्याशी थबकलं किंवा कमोडच्या मागे साचलं तर ढाळ चुकला. मीटरभर लांबीला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर उतार लागतो. "ट्रॅपकडे दिलाय ढाळ" असं ठेकेदार शपथेवर सांगत असतो आणि पाणी त्याच वेळी दाराबाहेर निघालेलं दिसतं. त्यानंतर बोलायला फारसं उरत नाही.

टाइल्स पक्क्या बसल्या की नाण्यानं किंवा काठीनं एकेक टाइल वाजवून घ्या. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक फोनवरूनही ऐकू येतो. कोपऱ्यांत आणि नळांच्या आसपास घाई करू नका, टाइलमागे सिमेंट कमी भरलं जातं ते तिथेच. विजेच्या बोर्डात अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटन दाबायला सांगा, त्यावरची वीज लगेच जायला हवी. माणसाला झटक्यापासून वाचवायला लावतात तो सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. आकडा त्याच्यावरच छापलेला असतो, कॅमेऱ्यावर वाचून घ्या.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जे झाकलं जाणार आहे ते. भिंतीतल्या पाण्याच्या लाइन, वायरिंगचे पाइप, बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, फॉल्स सीलिंगच्या वरचा भाग. रंग वाईट लागला तर पुन्हा लावता येतो. भिंतीत बुजलेला सैल जोड मात्र भाडेकरू राहायला आल्यावरच बोलतो. म्हणून ठेकेदाराशी एक वाक्य लेखी ठरवून घ्या: झाकण्याआधी दाखवायचं, आणि न दाखवता झाकलं तर उघडून दाखवण्याचा खर्च ठेकेदाराचा.

पाण्याची लाइन बुजवण्याआधी हातपंपानं प्रेशर टेस्ट होते. वापरातल्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात आणि मीटरचा काटा हलतो का ते पाहतात. सुरुवातीला काट्याचा फोटो, ठरलेल्या वेळानं पुन्हा फोटो, दोन्हीत मागची तीच भिंत दिसली पाहिजे. प्रत्येक लाइनवर टेप धरून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर वाचता येईल असे फोटो काढून ठेवा. पुढे कुणी पडद्याच्या दांडीसाठी भोक पाडायला निघालं की हेच फोटो कामाला येतात.

वॉटरप्रूफिंगसाठी ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं आणि पातळीशी भिंतीवर पेन्सिलची रेघ मारायची. २४ तास तर हवेतच, ४८ असतील तर उत्तम. मग रेघ पाहायची आणि खालच्या मजल्यावरचं छत पाहायचं. खालच्यांना एक फोन आधीच करून ठेवा. गळती असली तर ती ठेकेदाराआधी त्यांना दिसते, आणि ते लपवत नाहीत.

आता घाईबद्दल, कारण इथे मालकच काम बिघडवतात. ठेकेदाराला झापलं की तो वेग वाढवतो, पण कशाच्या जोरावर? सिमेंटच्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. ते तो चार दिवसांवर आणतो. भिंत वाळायच्या आत लांबी (पुट्टी) भरतो आणि रंग लावतो, मग काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. टाइल्स लावल्या त्याच दिवशी फटी भरून टाकतो. सुकायला लागणारा वेळ कुणाच्या ओरडण्यानं कमी होत नाही. वेळ वाचतो तो माल आधी आणून ठेवल्यानं, माणसं रोज आल्यानं, एक खोली सुकत असताना दुसरी हातात घेतल्यानं. उशीर भरून काढ असं सांगताना यातलं काय करणार, तेही त्याच्याकडून वदवून घ्या. पाणी मारल्याचा पुरावा सोपा आहे: रोज एक फोटो. ओला गिलावा गडद दिसतो, कोरडा फिकट.

हे सगळं करूनही तुमच्या वतीनं जागेवर जाणारा एक माणूस लागतोच. तो नात्यातला नको. नातेवाइकाला वाईट बोलायला संकोच वाटतो, आणि बोललाच तर पुढचा वाद घरात येतो. शेजाऱ्याकडून फार तर काम चालू असल्याचा आवाज येतोय का, एवढं कळू शकतं. एखादा इंजिनिअर, आर्किटेक्ट किंवा साइटवर सुपरवायझर म्हणून काम केलेला अनुभवी माणूस भेटीच्या हिशेबानं ठरवा. पैसे तुम्ही थेट द्या, ठेकेदारामार्फत नाही. ठेकेदारानंच सुचवलेला तपासनीस तर मुळीच नको. तपासणाऱ्याला प्रत्येक वेळी यादी द्या आणि यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे झालं, अर्धवट, नाही, यातलं एकच लिहायला सांगा. "ऐंशी टक्के झालंय" हे उत्तर कुणाकडूनही घेऊ नका. शेवटचे वीस टक्के म्हणजे दारांच्या कड्या, नळ, फटी, डाग आणि राडारोडा. भाडेकरूला दिसतं नेमकं तेवढंच.

पैसे कामाच्या मागे

ठेकेदार सोडायचा की ठेवायचा, हे रागावर ठरवू नका. कागद घ्या आणि मांडा. समजा, करार १०० चा आहे. त्याला ६० गेलेत आणि तपासणाऱ्याच्या मते काम ४५ चं झालंय. उरलं ५५ चं. पण दुसरा ठेकेदार ते ५५ ला घेत नाही. अर्धवट कामात हात घालायचा म्हणजे आधीच्याच्या चुका त्याच्या माथी येणार, म्हणून तो ७० सांगतो. आहे त्याच्याकडून पूर्ण करून घेतलं तर खिशातून आणखी ४० जाणार, बदलला तर ७०. फरक ३० चा. याच मापात महिन्याचं भाडं ४ असेल तर हा फरक साडेसात महिन्यांच्या भाड्याएवढा झाला. म्हणजे तीन महिने उशिरा पण नीट करून देणार असेल, तर राग गिळून त्याच्याकडूनच करून घेणं स्वस्त.

आता एकच आकडा बदला. ६० ऐवजी ४० गेलेत. याच्याकडून पूर्ण करायला ६०, बदलायला ७०, फरक फक्त १०, म्हणजे अडीच महिन्यांचं भाडं. इथे तीन महिने वाट पाहण्यात अर्थ नाही. तोच ठेकेदार, तेवढंच काम, तरी निर्णय उलटा, कारण पैसे कामाच्या पुढे गेलेले नाहीत. (काम गळकं असेल तर हा हिशेब लावूच नका. उरलेले पैसे देऊन जे घर मिळेल ते पुन्हा फोडावंच लागणार.)

पैसे आधीच पुढे गेले असतील तर परत मागून सहसा मिळत नाहीत. हप्ता पूर्ण थांबवला तर माणसं येत नाहीत, मागेल तसा दिला तर दरी वाढते. अशा वेळी पुढचा तुकडा ठरवून त्याचा माल दुकानदाराला थेट पैसे देऊन तुमच्या नावावर मागवा. त्या तुकड्याच्या मजुरीतला काही भाग द्या, काही आधी जास्त गेलेल्या रकमेत वळता करा, आणि किती वळता केला ते लिहून कळवा. सावकाश का होईना, दरी भरत येते. शेवटचे ५ ते १० टक्के मात्र कशासाठीही सोडायचे नाहीत.

उशिरासाठी रोजची कपात करारात असेल तर ती बुडणाऱ्या भाड्याच्या आसपास ठेवा. अवाच्या सवा दंड लिहिला तर ठेकेदार तो मनावर घेत नाही, आणि पुष्कळ देशांच्या कायद्यात प्रत्यक्ष नुकसानीशी मेळ नसलेला दंड टिकतही नाही.

लिहायचं काय

मेसेजमध्ये विशेषणं नकोत. "तुम्ही बेजबाबदार आहात" यावर तो दहा वाक्यं बोलेल, "सात टाइल्स पोकळ वाजतात" यावर त्याला फारसं बोलता येत नाही. मी लिहिते ते साधारण असं:

"आज सकाळी व्हिडिओवर काम पाहिलं. बाथरूमच्या भिंतीवर खालच्या दोन ओळींत सात टाइल्स पोकळ वाजतात, फोटोत खुणा केल्या आहेत. किचनची पाण्याची लाइन टेस्ट न दाखवता बुजवली आहे. या सात टाइल्स काढून पुन्हा लावणं आणि किचनची लाइन उघडून टेस्ट दाखवणं, ही दोन कामं येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण करा. झालेलं दिसलं की तिसरा हप्ता त्याच दिवशी पाठवते. शुक्रवारपर्यंत झालं नाही तर ही दोन कामं दुसऱ्याकडून करून घेईन आणि खर्च तुमच्या बिलातून वजा करीन. तुमची काही अडचण असेल तर उद्यापर्यंत लिहून कळवा."

यात काय दिसलं, काय हवं, कधीपर्यंत, झालं तर काय, नाही झालं तर काय, एवढंच आहे. शेवटच्या ओळीला कमी लेखू नका. कधी कधी खरी अडचण तिथेच बाहेर येते: प्लंबर सोडून गेलाय, लिफ्टमधून माल नेऊ देत नाहीत. फोनवर बोलणं झालंच तर फोन ठेवल्याबरोबर "आत्ता ठरलं ते असं" म्हणून दोन ओळी पाठवा. आणि शुक्रवार उलटून गेला तर जे लिहिलंय ते शनिवारी करा. एकदा करायचं टाळलंत की पुढचा मेसेज तो उघडतही नाही.

काम काढून घेताना

एकदम सगळं तोडायची गरज नसते. आधी एक काम कमी करा. रंग दुसऱ्याला द्या, किंवा वीजकाम. पुष्कळदा एवढ्यानं उरलेल्या कामाला वेग येतो, कारण आता धमकीत दम आहे हे त्याला दिसलेलं असतं. मात्र कमी केलेल्या कामाची रक्कम करारातून किती वजा झाली हे दोघांनी त्याच वेळी लिहून मान्य करा, नाहीतर शेवटच्या बिलात ती रक्कम परत हजर होते.

पूर्णच थांबवायचं ठरलं तर क्रम महत्त्वाचा, आणि या वेळी स्वतः जा. आधी करारात काम थांबवण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. सुधारायला मुदत द्यायची अट असेल तर ती लेखी देऊन संपू द्या. मग तपासणाऱ्याला सोबत घेऊन झालेल्या कामाची मापं काढा. ठेकेदारालाही बोलवा, आला नाही तर बोलावल्याचा मेसेज जपून ठेवा. साइटवर पडलेल्या मालाची यादी करा, कुठला तुमच्या पैशाचा, कुठला त्याचा. त्याची अवजारं आणि त्याचा माल अडवून ठेवायचा मोह होतो, पण त्यातून भांडण फक्त तुमच्या अंगावर येतं. उरलेल्या हिशेबावर त्याची सही घ्या. त्याचे मजूर आणि दुकानदार यांचे पैसे दिल्याचंही त्याच्याकडून लिहून घ्या. काही देशांत त्यांचं देणं थकलं तर ते थेट तुमच्या मालमत्तेवर दावा लावू शकतात, आणि तसं नसलं तरी थकलेला दुकानदार नव्या ठेकेदाराच्या पहिल्या दिवशी दारात उभा राहतो. किल्ल्या परत घेतल्या तरी कुलूप बदला. किती किल्ल्या बनवल्या गेल्या होत्या, हे कुणालाच माहीत नसतं.

नवा ठेकेदार आला की पहिला तासभर जुन्याच्या नावानं बोटं मोडेल. बोलू द्या. मग त्याला झाकलेल्या कामांचे फोटो दाखवा आणि लिहून मागा: आधीचं कुठलं काम आहे तसं स्वीकारतो, कुठलं उघडून पुन्हा करणार, कशाची जबाबदारी घेणार नाही. हे आधी झालं नाही तर पुढे गळणारा प्रत्येक थेंब "आधीच्याचा" ठरतो.

भाडेकरूला तारीख द्यायची घाई करू नका. पाणी, वीज, संडास आणि दाराचं कुलूप, या चार गोष्टी पूर्ण होऊन तपासून झाल्याशिवाय तारीख तोंडातून काढू नका. एखाद्या कपाटाचं दार नंतर लागलं तर चालतं. आणि राखून ठेवलेली रक्कम भाडेकरू राहायला आल्याच्या दिवशी देऊ नका. रोजच्या आंघोळी, धुणी-भांडी सुरू होऊन काही आठवडे जाऊ द्या, खालच्या मजल्यावर पुन्हा एक फोन करा, छत कोरडं असल्याचं कळलं की पैसे पाठवा.